दोन बेवारशी उत्तरपत्रिका

सतरा आणि अठरा नंबरच्या उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांवरून मी नावाच्या चिठ्ठ्या फाडून घेतल्या आणि त्यांच्यावर गुप्त क्रमांक घालायचं विसरलो. यात दुसऱ्या कुणाचा काडीचाही हात नव्हता. त्या क्षणी मी काय करत होतो, तेही सांगून टाकतो. या कामात माझ्याकडून चूक का होऊच शकत नाही, ते मी मेहबूब चपराशाला समजावून सांगत होतो.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, पोलिस ॲक्शनच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली. मी धाराशिवच्या कचेरीत कारकून होतो. शिक्क्यावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. फाइली उर्दूत, शिव्या मराठीत आणि सुट्टी शुक्रवारी. रियासतीच्या मुल्की नोकरीसाठी चढाओढीची परीक्षा होत असे. त्यातून निवडलेला माणूस आज पेशकार, उद्या तहसीलदार आणि नशीब जोरात असलं तर पुढं तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या उमेदवारांची लेखी परीक्षा धाराशिवलाच घ्यायचं ठरलं आणि तिचं कारकुनी काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते गळ्यात हार पडल्यासारखं मिरवलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षा म्हणजे प्रश्न आणि उत्तरं. आम्हा कारकुनांच्या लेखी परीक्षा म्हणजे चिठ्ठी, क्रमांक, दोरा आणि लाख. पेपर सात असत. उर्दू, इंग्रजी, हिशेब, सामान्य माहिती, महसुली कायदा, निबंध आणि सातवा पेपर मुल्की जबानचा, म्हणजे मराठी, कानडी किंवा तेलुगू यांतली एक भाषा. सहा पेपरांत डोंगराएवढे गुण मिळवले आणि सातव्यात ठरलेल्या किमान गुणांखाली आलात, की सगळा डोंगर पाण्यात. साहेब होणाऱ्या माणसाला रयतेचा अर्ज वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा हिशोब, आणि तो मला अजूनही पटतो. या चाळणीतून जो खाली उतरे त्याला हैदराबादेत तोंडी परीक्षेला बोलावणं. तिथं पाचजण समोर बसून उमेदवाराला असं काही विचारीत, की त्याला स्वतःच्या बापाचं नाव आठवू नये.

तपासणाऱ्याला उत्तर कुणाचं ते कळता कामा नये, हा सगळ्या परीक्षेचा कणा. म्हणून उत्तरपत्रिकेच्या डोक्यावर एक पट्टी असे, तिच्यावर नाव आणि बैठक नंबर. ती पट्टी पितळी रूळ लावून फाडायची, ती झाली चिठ्ठी. चिठ्ठीवर एक गुप्त क्रमांक घालायचा, तोच उत्तरपत्रिकेवर घालायचा. चिठ्ठ्या पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर साहेबांची मोहोर. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडं. तो लाल शाईनं तपासणार, बेरजा दुसरा माणूस हिरव्या शाईनं पडताळणार. गुण आले की लाख फोडून क्रमांक जुळवायचे. उत्तरात कुठंही आपली ओळख पटेल अशी खूण केली तर उत्तरपत्रिका बाद. एका तुळजापूरकरानं निबंधाच्या शेवटी ‘आई भवानी पास करो’ असं लिहिलं होतं. आईनं काय केलं असतं ते माहीत नाही, आम्ही त्याला बाद केलं.

बाकीचे सहा पेपर शिक्कामोर्तब होऊन हैदराबादला गेले. तिथं मराठी तपासणारं कुणी हाताशी नसल्यामुळं मराठीचा गठ्ठा तेवढा जिल्ह्यातच राहिला. तपासणारे होते तुळजापूरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळे दाजी मास्तर म्हणत. गुण देताना त्यांचा हात असा आखडे, की आपल्या घरचं धान्य मापून देत आहेत असं वाटावं.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून गठ्ठा परत आला. वर सुतळीनं बांधलेल्या दोन उत्तरपत्रिका वेगळ्या आणि त्यांच्यावर मास्तरांच्या हातचा निरोप. ‘या दोहोंस क्रमांक नाही. एकीस सर्व गठ्ठ्यात पहिला नंबर. दुसरी नापास. कोणाच्या आहेत हे आपणास ठाऊक असेल अशी आशा आहे.’

मला ठाऊक नव्हतं. लाख फोडली. पाकिटात दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. सतरा नंबर, मल्लप्पा, राहणार तामलवाडी. अठरा नंबर, रंगनाथ, राहणार कळंब. एकच चिठ्ठी कोरी राहिली असती तर लहान पोरानंही जुळवून दिली असती. चूक करताना मी एक जास्तीची केली होती.

रंगनाथ माझ्या ओळखीचा. कळंब माझी सासुरवाडी, आणि हा तिथल्या वकिलांचा मुलगा, माझ्या सासऱ्यांच्या शेजारचा. माझ्या बायकोला अक्का म्हणे. सोलापूरला इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलायला लागला की छापील पुस्तक उघडल्यासारखं वाटे. मल्लप्पा हा तामलवाडीच्या शाळेतला मास्तर. घरी कानडी, शेती कोरडवाहू, आणि परीक्षेच्या दिवशी माझ्याशी बोलला ते एवढंच की, ‘साहेब, दौत सांडली, कागद भिजला न्हाय.’ पहिला नंबर कुणाचा, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी टाक दौतीत बुडवला.

मेहबूब दारात उभा होता. त्यानं विचारलं, “मालूम है क्या, किसका कौनसा?”

मी म्हटलं, अंदाज आहे.

“अंदाजसे तरबूज लेते साहेब,” मेहबूब म्हणाला. “वो भी काटके दिखाव बोलते.”

टाकाची शाई टिपकागदावर गळली. तो डाग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण त्या थेंबात एका माणसाची नोकरी होती. मी उठलो आणि तालुकदार साहेबांसमोर जाऊन सगळं सांगितलं. रंगनाथ ओळखीचा आहे, हेही सांगितलं.

साहेब मूळचे हैदराबादचे, शांत माणूस. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि कलम माझ्याकडं फिरवलं. मालक सिद्ध न झालेली उत्तरपत्रिका रद्द. म्हणजे दोघंही त्या वर्षी बाद. मग त्यांनी दोघांचे अर्ज मागवले. रंगनाथच्या वयाला तीन वर्षं शिल्लक होती. मल्लप्पा महिनाभरानं वयाची मर्यादा ओलांडणार होता. दोनदा बसून झालेला. ही तिसरी आणि शेवटची खेप.

“आठ रोज,” साहेब म्हणाले. “सबूत लाइए, मुन्शीजी. उमेदवाराला एक हर्फ कळता कामा नये. आणि रंगनाथ तुमचा आहे, तर सबूत असा आणा, जो तुमच्याविरुद्धही टिकेल.”

सोपं वाटलं. अक्षर जुळवायचं. पण कशाशी? बाकीचे सहा पेपर उर्दूत नाही तर इंग्रजीत, शिवाय हैदराबादला गेलेले. देवनागरी, म्हणजे आम्ही ज्याला बालबोध म्हणायचो, ती फक्त याच पेपरात. अर्ज पाहिले तर दोन्ही एकाच सुंदर हस्ताक्षरात. कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस सगळ्या जिल्ह्याचे अर्ज लिहून देई. स्वतःच्या हातानं सरकारला अर्ज लिहिणारा माणूस अर्धवट समजला जाई. हजेरीच्या कागदावर सह्या होत्या, त्याही उर्दूत. गठ्ठा मी बैठकीच्या क्रमानं लावला होता, म्हणून दाजी मास्तरांना निरोप पाठवून विचारलं, कुठली वर होती? उत्तर आलं, ‘मी तपासताना गठ्ठा तीनदा फिरवतो, म्हणजे पहिल्यावर राग आणि शेवटच्यावर दया निघत नाही.’ एरवी मी या पद्धतीचं कौतुक केलं असतं.

मग माझ्या डोक्यातून एक युक्ती निघाली. मल्लप्पाकडून बालबोधीत चार ओळी लिहून घ्यायच्या. त्याला संशय येऊ नये म्हणून उजव्या हाताला फडकं गुंडाळायचं, हात दुखावलाय असं सांगायचं आणि घरी पत्र लिहून द्या म्हणायचं. उमेदवारानं मला परीक्षेत सात पेपर पाहिलं होतं, म्हणून मी टोपी बदलून पटका बांधला आणि धान्याचा दलाल व्हायचं ठरवलं. तुळजापूरपर्यंत मोटारीनं, तिथून सोलापूरच्या रस्त्यानं दुसऱ्या मोटारीनं तामलवाडीला उतरलो. शाळेपुढं मल्लप्पा भिंतीला गिलावा करत होता. मला बघून त्यानं हात धुतले आणि नमस्कार केला.

“या साहेब. कचेरीतलं ना तुमी? आमच्या परीक्षेला व्हता. पटका बरा दिसतो.”

दलाली तिथंच संपली. मी देवीच्या दर्शनाला आलो होतो, वाटेत हात मुरगळला, घरी काळजी करतील, असं काहीतरी पुटपुटलो. त्यानं जास्त विचारलं नाही. घरात नेलं, त्याच्या आईनं कानडीत माझी विचारपूस केली, भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवली. पत्र लिहून देतो म्हणाला. मी मजकूर सांगितला. हाताला लागलंय, घोर करू नकोस, मेतकूट संपलं ते करून ठेव, उन्हात शेंगा घातल्यात त्या उचल. खोटं बोलायची सवय नसली की माणूस मेतकुटावर येतो. तो कागदावर वाकून भराभर लिहीत होता. मनात म्हटलं, झालं काम.

लिहिता लिहिता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, परीक्षेचं काय वाटतं?

तो थांबला. “ही शेवटची, साहेब. आता वय न्हाय. पास झालो तर झालो. न्हाय झालो तर हितंच पोरं शिकवीन, त्याचं दुःख न्हाय. पण जे हाय ते माझं मला कळावं. मागल्या खेपंला नापास आलो ते कशात, कुणी सांगिटलंच न्हाय. तेवढं लई सलतं बघा.”

काही उमेदवार पाया पडतात, काही वशिले आणतात, त्यांना परतवायला मी शिकलो होतो. हा माणूस माझ्याकडं काहीच मागत नव्हता आणि मी त्याच्यासमोर फडकं गुंडाळून बसलो होतो. त्या घटकेला मी ठरवलं, की याचं जे असेल ते याला मिळालंच पाहिजे. पास असो, नापास असो. माझी नोकरी गेली तरी चालेल. (हे शेवटचं वाक्य मोटारीत बसेपर्यंत थोडं मऊ झालं, पण पुरतं गेलं नाही.)

मोटारीत बसून पत्र उघडलं. पत्र मोडीत होतं.

आजच्या वाचकांना सांगायला हवं, मोडी म्हणजे आपली जुनी धावती लिपी. दफ्तर मोडीत, पत्रं मोडीत, वहिवाट मोडीत. शहाणा माणूस पत्र मोडीतच लिही. बालबोध पोथीसाठी आणि परीक्षेसाठी. मोडीतला क आणि बालबोधीतला क यांची तोंडओळखही नसते. उत्तरपत्रिका बालबोधीत आणि माझ्या हातात मेतकुटाचं मोडी पत्र. मी स्वतः रोज मोडी वाचणारा माणूस. बालबोधीत लिहा, एवढे शब्द तोंडातून निघाले असते तर काय बिघडलं असतं? पण चटणी चांगली होती.

परत जाऊन पुन्हा मागावं तर संशय नक्की. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तामलवाडीत. या खेपेला मल्लप्पाला न भेटता गावात हिंडलो. देवळाच्या भिंतीवर काही लिहिलंय का, पोत्यांवर नाव घातलंय का, कुणाला त्यानं पोथी उतरवून दिलीय का. शाळेचा हजेरीपट हुकमाप्रमाणं उर्दूत. फळा पुसलेला. एका म्हातारीनं सांगितलं की मास्तरनं तिला स्तोत्र लिहून दिलंय. उत्साहानं मागितलं तर ते कानडीत निघालं. तिसऱ्या दिवशी गावातली कुत्री माझ्यावर भुंकायची थांबली. चौथ्या दिवशी मी रिकाम्या हातानं धाराशिवला आलो. रंगनाथचा नमुना आणावा म्हणून कळंबला जायचा विचार केला, पण जावईबापू सासुरवाडीला गेले की आठ दिवस तिथंच जातात.

सातव्या दिवशी साहेबांनी दाजी मास्तरांना बोलावून घेतलं. टेबलावर दोन उत्तरपत्रिका. मी पत्र पुढं ठेवलं आणि हे निरुपयोगी आहे, असंही सांगितलं. साहेबांनी ते आधी मिसलीसाठी, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीसाठी, वाचून घ्यायला सांगितलं. दाजी मास्तरांनी चष्मा लावून माझं घरगुती पत्र खणखणीत आवाजात वाचलं आणि ओळीओळीचं उर्दू केलं. मेतकुटाला उर्दू शब्द नसल्यामुळं त्यांना पाच मिनिटं लागली. साहेब गंभीरपणे म्हणाले, “खुदा हाताला आराम देवो.”

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी आणि मास्तर, दोघंही जाणकार. हा अ असा, तो श तसा, लिपीच वेगळी, कसं जुळणार? अर्धा तास आमचा वाद चालला. साहेबांची मुल्की जबान तेलुगू, त्यांना मराठी अक्षर ओळखता येत नव्हतं. ते नुसते कागद बघत बसले होते, कधी सरळ धरून, कधी आडवे धरून. मग त्यांनी बोट टेकवलं.

“मुन्शीजी, ये लकीर ऐसी क्यों है?”

पत्रात शेवटच्या ओळीतली अक्षरं अर्ध्यावर संपली होती. वरची रेघ मात्र कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

मोडी शिकताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. ज्याचा हात त्यात मुरला, त्याला रेघेशिवाय अक्षर सुचत नाही. साहेबांनी पहिल्या नंबरची उत्तरपत्रिका शेजारी ठेवली. बालबोध होती, स्वच्छ होती, पण रेघ आधी ओढलेली. शब्द कुठं संपला ते रेघेवरून कळत नव्हतं, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी अक्षरं अर्ध्यात थांबलेली, रेघ कडेपर्यंत पुढं गेलेली. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक शब्दावर त्याची त्याची छोटी रेघ, छापील पुस्तकासारखी.

आम्ही दोन वाचता येणारे अर्धा तास वाचत होतो. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दिसलं.

दाजी मास्तर एकदम ताठ बसले. त्यांनी चौथा प्रश्न उघडला. मोडीतला एक जुना कागद देऊन तो बालबोधीत उतरवायचा होता. पहिल्या उत्तरपत्रिकेत तो बिनचूक. दुसरीत पान कोरं. “असलं पत्र लिहिणारा माणूस हा प्रश्न कोरा सोडील?” ते म्हणाले. “आणि या कोऱ्या पानाच्या धन्यानं सारांशाच्या प्रश्नात काय केलंय बघा. उतारा एक पान, एक तृतीयांशात सारांश मागितला, तर यानं दोन पानं लिहिलीत. भाषा फार गोड. मी गोडीला गुण देत नाही.”

तो रंगनाथ होता. गुण कसे जातात, हे विचारणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो. न येणाऱ्या उत्तरानं जेवढे जातात, त्याहून जास्त न विचारलेल्या उत्तरानं जातात.

साहेबांनी स्वतःसमोर दोन्हींवर क्रमांक घालायला लावले, तिघांच्या सह्या घेतल्या, पत्र मिसलीला टाचलं आणि माझ्या नोकरीच्या वहीत एक शेरा लिहिला. उर्दू फार सुंदर होतं, अर्थ नव्हता. त्याच दिवशी आमच्या परीक्षा केंद्रासाठी नवा हुकूम निघाला. आधी दोन्हीकडं क्रमांक घालायचा, मग पट्टी फाडायची. मी होतो तोवर ती पद्धत चालली. लोक मला विचारीत, ही नामी कल्पना कुणाची? मी म्हणे, कचेरीतल्या एका अनुभवी माणसाची.

मल्लप्पा लेखीत उतरला, तोंडीत उतरला, पेशकार झाला. हुकूम न्यायला आला तेव्हा मी त्याला त्याचे सातही पेपरांचे गुण वाचून दाखवले. नियमात ते बसत नव्हतं, पण त्याला कळायला हवं होतं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “हात बरा हाय ना साहेब? त्या दिवशी फडकं बांधलेल्या हातानंच तुमी भरला तांब्या उचलला, म्हणून इचारलं.” रंगनाथ पुढच्या वर्षी मोडी शिकून बसला आणि पास झाला. त्याच्या नावावर मी तो पहिला नंबर अंदाजानं चढवणार होतो, ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती, असं आता वाटतं.

निकाल लागल्यावर तोंड उघडायला हरकत नव्हती. दुपारी जेवताना मी बायकोला सगळा पराक्रम सांगितला. तामलवाडीच्या खेपा, पटका, कुत्री, रेघ. कळंबला जायला वेळ मिळाला नाही, नाहीतर रंगनाथच्या बालबोध अक्षराचा एखादा नमुना आणून दोन दिवसांत काम केलं असतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग ती उठली, भिंतीवरच्या आरशामागं हात घातला आणि एक कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं. भाऊबिजेला रंगनाथनं अक्काला पाठवलेलं. बालबोधीत, प्रत्येक शब्दावर त्याची त्याची छोटी रेघ.

बायकोची पत्रं मी वाचत नसे. त्याला मी सभ्यपणा म्हणत असे.

“दिवाळीपासून इथंच हाय,” ती म्हणाली. “रोज याच आरशात बघून टोपी घालता. फडकं हाताला बांधून गेलात व्हय? डोक्याला बांधायचं होतं.”